फक्त कॅमेऱ्यात दिसणारं तेज

सकाळचे नऊ वाजलेले आणि बंद पडलेल्या सिनेमा थिएटरात मुंगी शिरायला जागा नाही. खुर्च्यांवर माणसं, खुर्च्यांच्या हातांवर माणसं, जिन्यात माणसं. एक आजोबा तर तिकीटखिडकीच्या आत शिरून बसलेले, आणि बाहेर यायचा रस्ता त्यांना तिसऱ्या दिवशी सापडला असं मी पुढे कित्येकांना सांगितलं. थोडी थाप आहे. दुसऱ्याच दिवशी सापडला होता.

सिनेमाच्या पडद्याच्या जागी निळा झिरझिरीत पडदा, त्यापुढे उंच पाठीची खुर्ची आणि खुर्चीत तेजोबाबा. नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तर पन्नाशीचा, पोट सुटलेला, गुळगुळीत दाढी केलेला गृहस्थ. पण मोबाइल वर करून त्यातून पाहिलं की डोक्याभोवती दुधासारखं पांढरं, मऊ तेजोवलय! बायका रडायच्या. पुरुष मोबाइल कपाळाला लावायचे.

"दिसलं?" बाबा विचारायचा.

"दिसलं!" थिएटर गर्जायचं.

"डोळ्याला का दिसत नाही? कारण डोळा पापी आहे. यंत्राला पाप नाही! पण यंत्रालाही दीक्षा लागते. आधी अंगठा तेलात बुडवा, कपाळाला लावा, मग तोच अंगठा मोबाइलच्या डोळ्यावर फिरवा. पुसू नका! पुसणाऱ्याचं पुण्य पुसलं जातं!"

हा मनुष्य पूर्वी केबलवर गाद्यांच्या जाहिराती करायचा. "झोपा, आणि नवा जन्म घ्या!" ही त्याचीच आरोळी. आवाज तोच, फक्त गादी बदलली.

आता तुम्ही म्हणाल, एवढं सगळं तुला कसं ठाऊक? तर बाबांनो, त्या तेजाचा जन्मदाता मी. मी वृत्तवाहिनीचा कॅमेरामन, आणि ते तेज माझ्या बटर टोस्टमधून निघालं होतं.

आमच्या बातमीदाराला सगळे थेटराव म्हणायचे, कारण त्याचं प्रत्येक वाक्य "थेट घटनास्थळावरून" सुरू व्हायचं. घरी भाजीत मीठ कमी असलं तरी तो तसंच सांगायचा म्हणे. बावीस वर्षं या धंद्यात. आगीत उभा राहिला, पुरात उभा राहिला, एकदा मंत्र्याच्या गाडीपुढे आडवा उभा राहून प्रश्न विचारला आणि पायाचं बोट मोडून घेतलं. गरम लोखंडासारखा बातमीदार होता. मग हळूहळू थंड झाला. घराचे हप्ते, बढती, साहेबांची मर्जी. जिथे तो प्रश्न विचारायचा तिथे आता पाठ केलेली वाक्यं म्हणायला लागला. मीही त्याच्यासमोर कॅमेरा धरून तसाच गार झालो होतो.

त्या दिवशी आम्ही गेलो होतो ते बाबाचं तेज शोधायला नव्हे. बाबानं बंद थिएटर परवानगीशिवाय बळकावलं होतं, त्याची एक मिनिटाची बातमी करायची होती. गाडीत मी टोस्ट खाल्ला, हात रुमालाला पुसले आणि त्याच रुमालानं भिंगापुढची संरक्षक काच पुसली. चाळीस वर्षांच्या नोकरीत ही चूक मी दोनशे वेळा केली असेल. बाबाच्या खुर्चीमागे पडद्याआड एक मोठा दिवा ठेवलेला होता, शोभेसाठी. लोण्याच्या थरातून जाताना त्याचा उजेड पसरला, आणि बाबाच्या डोक्याभोवती सुंदर वलय उमटलं.

कार्यालयात मी स्वतः साहेबांना सांगितलं, "साहेब, काच खराब होती. पुन्हा चित्रीकरण करावं लागेल."

साहेब, म्हणजे आमचे मुख्य संपादक, पडद्याकडे बघत राहिले. "काच खराब नाही हो," ते म्हणाले, "आपलं नशीब उजळलंय. थेटराव, लिहा: कॅमेऱ्यानं टिपलं ते अद्भुत तेज! विज्ञानाकडे उत्तर आहे का?"

"पण साहेब, उत्तर आहे ना. लोणी."

"आपण काही म्हणत नाही आहोत. आपण फक्त विचारतोय. प्रश्नचिन्ह टाकलं की आपण मोकळे."

थेटरावानं एक क्षण माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या बुटांकडे पाहिलं. मग त्यानं घसा साफ केला आणि ते वाक्य भारदस्त आवाजात वाचलं. एका दमात. मला तो आवाज आजही आठवतो, आणि त्याहून जास्त आठवतं ते माझं बुटांकडे पाहणं.

पुढे काय सांगू? बाबा मूर्ख नव्हता. त्यानं बातमी पाहिली, गणित मांडलं, मागचा दिवा मोठा केला आणि तेलाची वाटी आणली. आठवडाभरात दुसऱ्या वाहिन्यांनाही तेज दिसायला लागलं, प्रत्येकाला पहिल्यापेक्षा मोठं. एका कॅमेरामननं तर काचेवर केसांना लावायचं मलम फासलं. बाबा दिसेनासा झाला, नुसतं तेज राहिलं. ती बातमी सर्वांत जास्त पाहिली गेली.

चाळिसाव्या दिवशी बाबानं नवीन वाक्य काढलं: "शरीराला सुई टोचता? छिद्र पाडता? अहो, त्या छिद्रातून तुमचं तेज गळून जातं!" आम्ही ते चौदा वेळा दाखवलं. खाली प्रश्नचिन्ह होतंच.

त्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी थेटरावाला भावोजींचा फोन आला. त्याच्या मोठ्या बहिणीचे यजमान, मितभाषी माणूस. ते म्हणाले, "ताईनं सुई घेणं बंद केलंय. चार दिवस झाले. तू येऊन जा."

ताईला बारा वर्षांपासून साखरेचा आजार. दोन वेळा इन्शुलिन. आणि ताई म्हणजे कोण? आई गेल्यावर थेटरावाला वाढवणारी. त्याचे उच्चार सुधारावेत म्हणून रोज पेपर मोठ्यानं वाचून घेणारी. तो टीव्हीवर आला की शेजारणींना हाक मारून "शांत बसा गं, आमचा बोलतोय" म्हणणारी.

आम्ही गेलो तेव्हा ती स्वयंपाकघरात पाण्याच्या तांब्याशी बसलेली. ओठ सुकलेले, श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास. डॉक्टरीणबाई सकाळीच येऊन गेल्या होत्या. भावोजी हळूच म्हणाले, "आज संध्याकाळपर्यंत सुई गेली नाही तर भरवसा नाही म्हणाल्या. पण शुद्धीतल्या माणसाला दंड धरून टोचता येत नाही, असंही म्हणाल्या."

"ताई, तो माणूस चोर आहे," थेटराव म्हणाला.

"कोण?"

"बाबा! ते तेज नाही गं, लोणी आहे. ह्या दादांनी काच पुसली होती!"

ताईनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ती हसली. "तुम्ही दोघं मिळून मला सुई टोचायला आलात. मला कळतं."

"अगं देवाशपथ!"

"चाळीस दिवस टीव्हीवर तूच सांगितलंस. तुझा आवाज मला ओळखू येत नाही का? तू घरात बोलतोस ते खरं, की टीव्हीवर बोलतोस ते? एक काय ते ठरव."

बावीस वर्षांत थेटरावाला असा प्रश्न कुणी विचारला नव्हता, आणि उत्तराला प्रश्नचिन्ह लावून सुटता येत नव्हतं.

"ठीक आहे," तो म्हणाला. "बाराच्या बातम्या बघ. ताई, मला वचन दे, बघशील."

"मी तुझी एक बातमी चुकवलीय का कधी?"

गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "दादा, नोकरी जाईल."

मी म्हटलं, "माझी तर पुढच्या वर्षी तशीही संपतेय. पण त्याआधी ताई संपेल असं दिसतंय. चल."

बाराला थिएटरातून आमचं थेट प्रक्षेपण सुरू झालं. बाबा नेहमीसारखा खुर्चीत, गर्दी नेहमीसारखी गर्जत. थेटराव माईक घेऊन मंचावर चढला आणि बाबाला नमस्कार करून म्हणाला, "बाबा, दोन मिनिटं खुर्ची मोकळी कराल? तुमच्या खुर्चीतसुद्धा तेज आहे, ते लोकांना दाखवायचंय."

स्तुती ऐकली की बाबाला उठायला वेळ लागत नसे. तो उठला. थेटरावानं संडासातून आणलेला घासायचा ब्रश त्या खुर्चीवर ताठ उभा केला. मी काचेला लोणी लावूनच आलो होतो; कॅमेरा रोखला.

"काय दिसतंय?" थेटरावानं ओरडून विचारलं. बाजूला आमचा मोठा टीव्ही लावलेला होता. लोकांनी वर पाहिलं.

ब्रशभोवती तेजोवलय होतं. शुभ्र, मऊ, पवित्र.

मागच्या रांगेतल्या पोरानं जांभई दिली, ती पुढपर्यंत ऐकू आली. मग एक बाई म्हणाली, "अरे, ब्रशातही देव आहे!"

"आहे ना, मावशी," थेटराव म्हणाला, "पण मग उद्या ब्रशानं औषध सोडा म्हटलं तर सोडाल का? मग ह्या बाबाच्या सांगण्यावरून का सोडता?"

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. थेटरावानं निळा पडदा खसकन बाजूला ओढला. मागे पाटाएवढा दिवा भडकत होता. मग त्यानं मला खूण केली. मी चालू प्रक्षेपणात भिंगापुढची काच काढली, स्वच्छ कपड्यानं पुसली, परत लावली. टीव्हीवर साधा ब्रश उरला, केस वाकडे झालेला.

"लोकहो, मोबाइल पुसा!" थेटराव ओरडला. "पुण्य पुसलं जात नाही, तेल पुसलं जातं! आणि हे तेल आधी आम्ही लावलं. चाळीस दिवस मी तुम्हाला खोटं दाखवलं. काच पहिल्या दिवसापासून खराब होती हे मला माहीत होतं. मी प्रश्न विचारल्याचं नाटक केलं. माझी लाज वाटते मला. ज्यांनी सुई सोडली, गोळी सोडली, त्यांनी आत्ता, ह्या क्षणी, डॉक्टरकडे जावं!"

माझ्या कानातल्या यंत्रात साहेब किंचाळत होते, "कट! कट करा ते!" आणि कार्यालयात प्रक्षेपणाच्या बटणांवर बसणाऱ्या आमच्या बाई शांतपणे म्हणत होत्या, "साहेब, बटण अडकलंय हो. दाबतेय, दाबतेय." तेवीस सेकंद त्या दाबत होत्या. देव करो आणि त्यांची बोटं सदैव अशीच अडकोत.

बाबानं "ही माझी परीक्षा होती, भक्तहो" अशी सुरुवात केली, पण पुढच्या रांगेतल्या पोरानं मोबाइल शर्टाला पुसून त्याच्याकडे रोखला आणि मोठ्यानं म्हणाला, "ए, गेलं ते!" बाबा मागच्या दारानं निघून गेला. जाताना तेलाची वाटी मात्र घेऊन गेला.

आम्हाला वाटलं, काम झालं. गाडीतून भावोजींना फोन लावला. ते म्हणाले, "बघितलं तिनं. पण म्हणते, चाळीस दिवस खोटं दाखवणारे आज खरं कशावरून दाखवतायत? सुई घेत नाही."

थेटरावानं फोन मांडीवर ठेवला आणि लहान मुलासारखा तोंडावर हात घेऊन रडला. नोकरी आता पक्की गेलेली होती, त्याचं त्याला काही वाटत नव्हतं. तो एवढंच म्हणत राहिला, "बरोबर बोलतेय ती, दादा. एकदम बरोबर बोलतेय."

आम्ही पोचलो तेव्हा दोन वाजले होते. ताई स्वयंपाकघरात दिव्याखाली बसलेली. हातात स्वतःचा चष्मा, समोर लोण्याची डबी. भिंतीला टेकून, धापा टाकत, ती चष्म्याच्या काचेला बोटानं लोणी लावत होती. लावलं, डोळ्यावर चढवला, दिव्याकडे पाहिलं. काढला, पदरानं पुसला, पुन्हा पाहिलं. तिसऱ्यांदा लावलं. थेटराव पुढे गेला तर तिनं हात दाखवला. "थांब. मध्ये बोलू नकोस."

चौथ्यांदा पुसून झाल्यावर तिनं चष्मा डबीवर ठेवला आणि मान न वळवता म्हणाली, "अहो, सुई भरा."

भावोजींनी सुई भरली आणि टोचली. मग दवाखान्याची गाडी. पाच दिवस आयसीयूत. डाव्या पायाचं बोट काळं पडलं होतं, ते कापावं लागलं. ताई वाचली.

बरं वाटल्यावर ती थेटरावाला म्हणाली, "मूर्खा, मला तुझ्यावर विश्वास ठेवायला लावत बसलास, त्यापेक्षा लोण्याची डबीच का दिली नाहीस?"

थेटराव आज शाळाशाळांतून काच, लोणी आणि दिवा घेऊन फिरतो. बोलतो कमी, मुलांच्या हातात काच देतो जास्त. आमची वाहिनी आहे तिथेच आहे. परवा तिथे एक झाड बोलत असल्याची बातमी होती, खाली प्रश्नचिन्हासकट. मी उठून टीव्ही बंद केला.

तेव्हा वाचकहो, या म्हाताऱ्याच्या सगळ्या गोष्टींवर विश्वास ठेवायचं कारण नाही, आणि हीही तुम्हाला पटली नसली तर फारच उत्तम. काच घ्या, चिमूटभर लोणी घ्या, दिव्यासमोर धरा आणि स्वतः पाहा. आणि कुणी बाबा, कुणी वाहिनी, कुणी भाऊ किंवा मी जर तुम्हाला डॉक्टरनं दिलेलं औषध सोडायला सांगत असेल, तर आधी स्वतःला विचारा: त्याची काच मी माझ्या हातानं पुसून पाहिलीय का?