लाभ, दोन, तीन

"सारंग, ही प्लेट खोटी हाय."

दत्तरावांनी पंचेचाळीस आकडा असलेली लोखंडी प्लेट दोन्ही हातांनी उचलून पाहिली आणि पुन्हा खाली ठेवली. सकाळची पोरं व्यायाम उरकून गेली होती. इकडंतिकडं टाकलेल्या प्लेटा जागेवर लावायचं काम दत्तरावांचं. परभणीच्या मोंढ्यात धान्य तोलणारा तोलारी म्हणून त्यांची हयात गेली. इलेक्ट्रॉनिक काटे आले, ते घरी बसले, आणि घरी करमेना म्हणून शेजारच्या सारंगच्या जिममध्ये येऊ लागले. मापात पाप त्यांनी कधी केलं नव्हतं, आणि दुसऱ्याचं खपवूनही घेतलं नव्हतं.

"पंचेचाळीस लिवलंय, पर वीसच्या वर न्हाई ही. तुला कुनीतरी बनवलंय."

सारंग हसला. "काका, ते किलो न्हाईत, पौंड हायत. जुन्या प्लेटा हायत, बाहेरदेशातल्या. पौंड निम्मे करायचे, त्यातला धावा हिस्सा काढून टाकायचा, की झाले किलो."

"आन हे पौंड चालतेत कुठं?"

"अमेरिकेत. तिकडं मानसंबी पौंडातच मोजतेत."

दत्तराव बाकावर बसले.

त्यांची लेक मंजुषा अमेरिकेत होती. नात उत्तरा नऊ महिन्यांची झाली तरी त्यांनी तिला फोनच्या काचेतच पाहिलं होतं. लोक फोनवर तब्येत विचारतात, दत्तराव वजन विचारत. गेल्या महिन्यात मंजुषा म्हणाली, "साडेसतरा, नाना." ऐकून यांची छाती फुगली.

"आठ महिन्याचं लेकरू साडेसतरा?" सुलाबाई म्हणाल्या होत्या. "रेडकू हाय का काय?"

"काटा खोटं बोलत न्हाई. तिकडचं दूधच लय सकस."

बायकोचं ऐकतील तर ते दत्तराव कसले. त्याच तोऱ्यात ते बाजारात गेले आणि वजन सांगून फ्रॉक घेतला, चार वर्षांच्या पोरीला बसेल असा. तो तिकडं पोचला, फोटो आला, तर फ्रॉकात लेकरू हुडकावं लागत होतं. दत्तरावांनी शिवणाऱ्याला नावं ठेवली. मंजुषा एवढंच म्हणाली, "होईल की नाना, मोठी झाल्यावर." गेली दिवाळी "पुढच्या दिवाळीला बघू" म्हणत गेली होती. यंदाच्या दिवाळीचं अजून कुणी नाव काढलं नव्हतं.

"साडेसतरा पौंडाचे किलो किती?" त्यांनी विचारलं.

सारंगनं मोबाइलवर बोटं फिरवली. "आठला जरासे कमी. का बरं, काका?"

"काही न्हाई."

आधी त्यांना स्वतःचीच लाज वाटली. उभा मोंढा ज्याच्या काट्यावर डोळे मिटून विश्वास टाकायचा, त्यानं सख्ख्या नातीचं वजन दुपटीहून जास्त धरलं होतं. मग दुसरीच गोष्ट ध्यानात आली. कधी ना कधी सगळ्यांच्या घरचा माल त्यांच्या हातून गेला होता, आणि हे आठ किलो तेवढे राहिले होते. एकदा तिला उचलून घ्यावं, यापलीकडं आता त्यांना काही नको होतं.

ते उठले आणि मांडणीपाशी गेले. खांद्यावरची दस्ती बाकावर पसरली. मोंढ्यात पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. दहा पौंडाची प्लेट ठेवताना त्यांच्या तोंडून सवयीनं निघालं, "लाभ." पाचची ठेवली, "दोन." अडीचची, "तीन."

दस्तीची चारी टोकं गुंडाळून त्यांनी ते गाठोडं डाव्या हाताच्या कोपरात घेतलं आणि छातीशी धरलं. लोखंड गार होतं. थोड्या वेळानं ते गार लागेनासं झालं. तोलाऱ्यानं माल तोलायचा आणि खाली ठेवायचा, हातात धरून बसायचं नसतं. दत्तराव धरून बसले. हलकीच आहे पोर, त्यांना वाटलं. नीट जेवत असेल ना?

"काका, ती धाची द्या की इकडं," सारंग व्यायामाला उभा राहत म्हणाला.

दत्तरावांनी गाठोडं सोडलं आणि प्लेट पुढं केली.

"ही गरम कशी लागायलीय हो?"

उरलेल्या दोन प्लेटा दत्तरावांनी उजव्या हातानंच जागेवर लावल्या. डावा हात अजून तसाच वाकलेला होता.