भाड्याच्या घरावरचे ऊन

मित्रांनो, माझ्या काचेच्या एका कोपऱ्यात लांब ओरखडा आहे आणि माझी चौकट ठिकठिकाणी काळवंडली आहे. तरीही ऊन अंगावर आले की माझ्यात अजून वीज खेळू लागते. मी सोलरचे एक जुने पॅनेल आहे. माझे सारे आयुष्य प्वेर्तो रिको नावाच्या बेटावर गेले. माझी मालकीण नेहमी भाड्याच्या घरात राहिली, म्हणून मीही जन्मभर भाडेकरूच राहिलो.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. सिलिकॉनच्या पातळ निळ्या चकत्या, त्यांवर चांदीच्या बारीक रेघा आणि वर जाड काच, असा मी तयार झालो. जहाजातून मी या बेटावर आलो. पोन्से शहराच्या वरच्या डोंगरात एक छोटा दवाखाना होता. त्याच्या छपरावर मला माझ्या भावंडांबरोबर ओळीने बसवले. त्या दिवशी खाली बँड वाजला, फीत कापली, आणि सगळ्यांनी वर बघून टाळ्या वाजवल्या. मला वाटले, आयुष्य असेच टाळ्यांत जाणार.

मग ते मोठे वादळ आले. दवाखान्याचे छप्परच उडाले. माझी भावंडे कुठे गेली, मला आजवर कळले नाही. मी केळीच्या बागेत चिखलात पालथा पडलो होतो. हा ओरखडा तेव्हाचा. पुढे कुणीतरी मला उचलून भंगाराच्या दुकानात नेऊन ठेवले, आणि तिथे मला नेरेइदा भेटली.

नेरेइदा एकटी राहणारी, हसऱ्या तोंडाची बाई होती. डोंगरातल्याच एका दुमजली घराच्या खालच्या मजल्यावर ती भाड्याने राहत असे. नारळाचे दूध, चिंचेचा कोळ, फळांचा रस पेल्यांत गोठवून ती लिंबेर नावाचा बर्फाचा खाऊ करायची आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून विकायची. पण तिथे वीज कधी जाईल याचा नेम नसे. वीज गेली की लिंबेर वितळू लागत. मग नेरेइदा गल्लीतल्या पोरांना हाका मारून ते वाटून टाकायची. "खा रे, आज माझा वाढदिवस!" असे म्हणायची. वर्षात तिचे कितीतरी वाढदिवस व्हायचे. पोरे गेली की मात्र ती खिडकी लावून रिकामे पेले मोजत बसे.

चर्चच्या सभागृहात एक बाई घरच्या घरी सोलर कसे जोडावे ते शिकवायची. नेरेइदा तिथे जाऊ लागली. पॅनेल कोणते, बॅटरीला जास्त वीज जाऊ न देणारा कंट्रोलर कोणता, घरातली यंत्रे चालवणारा इन्व्हर्टर कोणता, हे सगळे ती शिकली आणि भंगाराच्या दुकानातून मला विकत घेऊन आली. मग ती घरमालकिणीकडे गेली. घरमालकीण दोन्या मोन्सेरात, म्हणजे मोन्सेरातबाई, वरच्या मजल्यावर राहायच्या. विधवा, म्हाताऱ्या आणि जिभेने तिखट.

"दोन्या मोन्से, गच्चीवर एक पॅनेल ठेवू का?"

"ठेव की! माझ्या डोक्यावरच ठेव ना. गच्चीला हात लावायचा नाही."

"अहो, ऐका तरी..."

"ऐकलंय मी. तुझ्या आधीचा भाडेकरूही असंच गोड बोलून डिश बसवून गेला. चारच स्क्रू, म्हणाला. त्या भोकांतून पाणी गळलं आणि माझ्या चागोची खाट कुजली. ही गच्ची त्यानं, माझ्या नवऱ्यानं, स्वतःच्या हातानं ओतलीय, पोरी. तिची चाळण नाही होऊ देणार मी."

नेरेइदाने वाद घातला नाही. तिने एका जुन्या दाराच्या लाकडाची चौकट केली, तिला बिजागऱ्या लावल्या आणि मला अंगणात तिरपे उभे केले. पायाशी सिमेंटचे ठोकळे ठेवले. खिडकीला काचेच्या आडव्या पट्ट्या होत्या; त्यांच्या फटीतून तिने तारा आत नेल्या. कंट्रोलरही भिंतीवर न ठोकता एका सुट्या फळीवर बसवला. बॅटरी शेगडीपासून लांब, स्टुलावर ठेवली. दोन्या मोन्सेरात खाली आल्या, भिंतीवरून बोट फिरवून कुठे खिळा ठोकलाय का ते पाहिले आणि "हं" म्हणून निघून गेल्या.

अंगणात नीरफणसाचे मोठे झाड होते. त्याची सावली सरकली की नेरेइदा हातातले काम टाकून यायची आणि मला उन्हात सरकवायची. वरच्या सज्जातून दोन्या मोन्सेरात बघत असायच्या.

"काय गं, बाळाला ऊन दाखवून झालं का? आता तेल-पावडर लाव!"

"तुमच्या झाडाच्या सावलीनं त्याला सर्दी होते, दोन्या मोन्से. झाड जरा पलीकडं सरकवा."

"भाडेकरू झाडाला हलवायला निघालीय, ऐकलंत का!" त्या गल्लीला सांगायच्या.

एका संध्याकाळी सगळ्या डोंगरावरची वीज गेली, आणि नेरेइदाची खिडकी तेवढी उजळलेली राहिली. तिचा फ्रीज गुणगुणत होता. शेजारी जमले. कुणी टाळ्या वाजवल्या. दवाखान्यावरच्या टाळ्यांपेक्षा मला त्या जास्त आवडल्या.

त्यानंतर आलेला उन्हाळा मी विसरणार नाही. डोंगराच्या पायथ्याचे विजेचे यंत्र फुटले आणि गावात कित्येक आठवडे अंधार राहिला. दोन्या मोन्सेरात सज्जात दिसेनाशा झाल्या. मग एका सकाळी वरून दोरीला बांधलेली टोपली खाली आली. एरवी त्या लिंबेरसाठी टोपली सोडत. आज तिच्यात रुमालाखाली काहीतरी झाकलेले होते.

"काय आहे हो यात?" नेरेइदाने वर बघून विचारले.

"अंडी आहेत. उकाड्यानं खराब होतील. तुझ्या फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात ठेव. वर बर्फात नको. आणि उघडून बघत बसू नकोस."

नेरेइदाने रुमालाचे टोक उचलले. आत इन्सुलिनच्या बाटल्या होत्या. त्या औषधाला गारवा लागतो आणि म्हातारीच्या घरात गारवा उरला नव्हता. पण तसे म्हणायला तिची जीभ तयार नव्हती. नेरेइदाने रुमाल पुन्हा नीट झाकला.

"ठेवते. पण ही कोंबडी कधी दिसली नाही मला."

"लाजाळू आहे."

त्या दिवसापासून रोज सकाळी टोपली खाली यायची. "एक अंडं दे गं," असा वरून आवाज यायचा, आणि थोड्या वेळाने बाटली परत फ्रीजमध्ये यायची. दोघींपैकी एकीनेही कधी औषधाचे नाव काढले नाही.

मग आभाळ भरून आले आणि भरलेलेच राहिले. मित्रांनो, मी माझ्याकडून शिकस्त केली, पण ऊनच नाही तर मी काय करणार? बॅटरी उतरत चालली. गावचा सण तोंडावर होता. सणासाठी गावाने नेरेइदाला लिंबेर सांगितले होते आणि फ्रीजचा वरचा भाग त्या पेल्यांनी गच्च भरला होता. एवढे गोठवून ठेवायला फार वीज लागत होती. नेरेइदाने कंट्रोलरवर उरलेल्या विजेचा आकडा पाहिला. मग तिने पंखा बंद केला, दिवे बंद केले, सगळे लिंबेर बाहेर काढले आणि फ्रीजचा गारवा खालच्या कप्प्यापुरता कमी करून ठेवला.

"या रे पोरांनो," तिने खिडकीतून हाक दिली. "आज माझा वाढदिवस!"

ढगाळ आभाळाखाली सगळी गल्ली लिंबेर चोखत उभी होती. दोन्या मोन्सेरातनी ते वरून पाहिले. कठडा धरून, काठी टेकत, एकेक पायरी उतरत त्या खाली आल्या.

"हे सणाचे होते ना?"

"होते."

"मग?"

"अंडी खराब झाली असती."

म्हातारी अंगणात माझ्यापाशी येऊन उभी राहिली. तिने माझ्या चौकटीवर हात ठेवला, मग वर झाडाकडे पाहिले.

"गच्चीवर या झाडाची सावली पडत नाही," ती म्हणाली. "पण भोक पाडलंस तर बघ."

आभाळ उघडल्यावर मी गच्चीवर गेलो. माझी जागा दोन्या मोन्सेरातनी स्वतः ठरवली. जुन्या टायरचे तुकडे खाली घातले, त्यांवर ठोकळे, त्यांवर मी, आणि आधाराला पाण्याच्या टाकीच्या खांबाला बांधलेली दोरी. एक तार त्यांच्याही खिडकीत गेली. त्यांचा पंखा आणि रेडिओ माझ्यावर चालू लागले.

मित्रांनो, ते दिवस आठवले की माझी काच आजही उबदार होते. गच्चीवरून लांबवर समुद्राची रेघ दिसायची. दोन्या मोन्सेरात माझ्याशेजारी कॉफीच्या बिया वाळत घालायच्या, जुन्या झग्याच्या फडक्याने मला पुसायच्या आणि पुसता पुसता त्यांच्या चागोशी बोलायच्या. "बघ, किती जपून ठेवलंय या पोरीनं," असे त्या त्याला सांगायच्या. वादळाची बातमी आली की दोघी मिळून मला खाली आणायच्या आणि दोन्या मोन्सेरातच्या पलंगाखाली सरकवायच्या. "माझी पाठ मोडली तरी चालेल, याची काच जप," असे नेरेइदाला बजावले जायचे.

पण दिवस कुणासाठी थांबत नाहीत. दोन्या मोन्सेरातना एकटीने राहणे जमेना. त्यांची मुलगी समुद्रापलीकडच्या ऑर्लँडो शहरातून आली आणि घर विकायचे ठरले. घर घेणारा माणूस गच्चीवर फिरून खाली आला आणि म्हणाला, "हे पॅनेल घराबरोबरच आलं, नाही का?"

खुर्चीत बसलेल्या दोन्या मोन्सेरात ताठ झाल्या. "गच्ची तुमची झाली. पॅनेल तिचं आहे. माझ्या घरात तिचा एक खिळा सापडला तर दाखवा मला!"

त्याला खिळा सापडला नाही. निघायच्या दिवशी दोन्या मोन्सेरातना पायऱ्या चढवत नव्हत्या. म्हणून नेरेइदाने मला खाली आणून गाडीपाशी धरले. म्हातारीने झग्याच्या बाहीने माझा ओरखड्याचा कोपरा पुसला.

"आता कुणाच्या गच्चीवर जाशील गं?"

"बघू, दोन्या मोन्से. ऊन तर सगळीकडं पडतं."

"पडतं. पण घरमालकिणी सगळीकडं सारख्या नसतात," म्हातारी म्हणाली. मग दोघी हसल्या आणि हसता हसता रडल्या.

नेरेइदाने पोन्से शहरात एक खोली घेतली. तिथे मला गच्ची नव्हती, गॅलरीचा कठडा होता, आणि ऊन तेवढे सकाळचे. माझी सोबतीण बॅटरी थकली आणि तिला जुन्या बॅटऱ्या मोडणाऱ्यांकडे नेले. त्या दिवशी मला फार एकटे वाटले. पुढे नेरेइदाने नवे, हलके पॅनेल आणले. मी आडवा झालो आणि माझ्यावर कुंड्या आल्या. माती सांडे, पाणी सुके, डाग पडत. तिने मला मुद्दाम टाकले नव्हते. कामाच्या धबडग्यात ती मला विसरली होती. एकदा ऑर्लँडोहून फोन आला, दोन्या मोन्सेरात गेल्याचा. तेव्हा ती गॅलरीत येऊन माझ्यापाशी जमिनीवर बसली. पण कुंड्या हलवायचे तिला सुचले नाही.

गेल्या महिन्यात वरच्या खोलीत इवेलिस नावाची एक तरुण आई राहायला आली. तान्हे मूल कडेवर घेऊन तिने नेरेइदाचे दार वाजवले.

"ताई, वीज गेली की बाळ घामानं रडरड रडतं. आणि मालक म्हणतो, भिंतीला हात लावायचा नाही."

नेरेइदा गॅलरीत आली आणि एकेक कुंडी खाली उतरवू लागली. साबणाच्या पाण्याने तिने मला धुतले, मीटर लावून पाहिले. "पूर्वीइतकं देत नाही," ती म्हणाली, "पण एक पंखा आणि दिवा सहज चालेल. ये, बस इथं. ही तार लाल, ही काळी. आणि खिळा कुठंही ठोकायचा नाही, हं."

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी वस्तू अशीच कुंड्यांखाली, दाराआड, माळ्यावर पडली असेल. तिचा जोर कमी झाला म्हणून ती संपली असे समजू नका. तिला एकदा पुसा, उन्हात धरा, आणि ती कुणाच्या उपयोगी पडेल याचा विचार करा. एवढेच माझे मागणे आहे.

आता इवेलिसच्या कठड्यावर सकाळ चढते आहे. पंख्याखाली बाळ झोपले आहे. मला कामाला लागले पाहिजे.