माझ्या अंगी नसलेले गुण

मी तेल. खोबरेल, त्यात माका, जास्वंद, कढीपत्ता आणि मेथी उकळून काळंकुट्ट केलेलं. माझ्या अंगी एकच गुण आहे: कोरडे केस मी मऊ करतो. याहून जास्त काही तुम्ही ऐकलं असेल, तर ते लीलाबाईंनी सांगितलेलं असणार.

माझा जन्म अमरावतीला, लीलाबाईंच्या लोखंडी कढईत. जन्मालाच बघ्यांची गर्दी. एक शेजारीण म्हणाली, वेखंड घाला, बुद्धी वाढते. दुसरीने शांत झोप लागते म्हणून कापूर टाकला. पहिलीच्या घरात बुद्धी कधी दिसली नव्हती आणि दुसरी रात्रभर येरझाऱ्या घालायची. पण मोठ्या माणसांकडे पुरावा मागायचा नसतो. मग मला औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरलं, तीन पिशव्यांत गुंडाळलं आणि लीलाबाई मला घेऊन मुलाकडे, विपुलकडे, ड्रेस्डेनला आल्या.

इथे न्हाणीघरातल्या फळीवर माझ्या शेजारी विपुलने आणलेलं रोझमेरीचं जर्मन तेल होतं. लेबलवर हिरवं पान, पानावर दवाचा थेंब, आणि विपुलचं कपाळ मात्र दर महिन्याला थोडं मोठं. थापा मारायला मराठीच यावी लागते असं नाही.

सून धम्मदीपा चिपच्या कारखान्यात इंजिनिअर. तिथल्या स्वच्छ हॉलमध्ये धुळीचा कण चालत नाही. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा सूट घालायचा आणि आत जाताना अंगाला क्रीम नको, केसांना तेल नको. माझी नुसती वाफही तिथल्या, चिप जिच्यावर बनते त्या सिलिकॉनच्या चकत्या नासवू शकते. शिवाय तिची प्रोबेत्साइट, म्हणजे नोकरी पक्की होण्याआधीची परीक्षा, चालू होती. त्या काळात कंपनी सहज घरी पाठवते. हे सगळं तिने सासूबाईंना आल्या आल्या समजावलं. लीलाबाईंनी मान डोलावली आणि म्हणाल्या, तुझा भांग किती रुंद झाला गं.

केस गळत होते हे खरं. डॉक्टरांनी रक्त तपासून लोह कमी असल्याचं सांगितलं होतं, गोळ्या चालू होत्या. पण गोळ्यांनी कुठे केस येतात, असं लीलाबाईंचं शास्त्र.

विपुल घरातला शांतिदूत, म्हणजे बायकोला गप्प करणारा. आईचं मन मोडू नकोस, एकदा लावून घे, सकाळी धुऊन टाक, असं तो म्हणाला. रविवारी ती बसली. कशाला बसली, हे मला अजून कळलेलं नाही. सोमवारी तिने दोनदा डोकं धुतलं. पण मेथीचा वास इतक्या सहजी जात नाही. कपडे बदलायच्या खोलीत तिची वरिष्ठ, फ्राउ क्रौझे, जवळ आली, तिने हुंगलं आणि धम्मदीपाला परत पाठवलं. पुन्हा असं झालं तर पुढच्या महिन्यात काम नसेल, हेही शांतपणे सांगितलं. धम्मदीपाच्या केसांत बसून मी ते ऐकलं.

संध्याकाळी लीलाबाई म्हणाल्या, "तेलानं काहून नोकरी जाईन? हे घे, तिलेबी दे. तिचेबी केस पातळच असतीन." आणि फ्राउ क्रौझेसाठी खरोखर एक छोटी बाटली भरून ठेवली.

पुढच्या रविवारी त्या पुन्हा वाटी घेऊन आल्या.

"दीपा, बस ना पाच मिनिटं," विपुल म्हणाला. "आई काय कायमची राहणार आहे?"

धम्मदीपाने वाटी उचलली आणि त्याच्यापुढे ठेवली. "तू बस."

"माझी उद्या मीटिंग आहे. कॅमेऱ्यात तेलकट दिसतं."

"तुझी ती मीटिंग आणि माझी नोकरी म्हणजे भातुकली?" मग ती सासूकडे वळली. "आई, तुमचा मान आहे. पण माझ्या डोक्याला आता हात लावायचा नाही."

लीलाबाई दोन दिवस रुसून बसल्या. जेवल्या मात्र पोटभर.

गेल्या आठवड्यात धम्मदीपाची नोकरी पक्की झाली. भांगात बारीक नवे केसही दिसू लागलेत. ते गोळ्यांचे. मी तर त्या पहिल्या रविवारनंतर त्या डोक्याच्या वाऱ्यालाही उभा राहिलेलो नाही.

आणि काल लीलाबाई मला गुडघ्यांना चोळत अमरावतीच्या शेजारणीशी फोनवर बोलत होत्या. "दीपाची नोकरी पक्की झाली. केसबी येऊन राहिले. मी तेल आणलं होतं ना, त्याचाच गुण." शेजारणीने तिथल्या तिथे आपल्या पुण्यातल्या सुनेसाठी एक बाटली सांगितली.

आता मी बाटलीच्या तळाशी उरलोय. चार दिवसांत संपेन, त्याचं दुःख नाही. पुण्यात कुणी त्या सुनेला ओळखत असाल तर तिला माझा एक निरोप द्या. बाटली येईल, प्रेमाने येईल, तीन पिशव्यांत गुंडाळून येईल. घे आणि टाचांना लाव. डोकं तुझं आहे.