कुठल्या बोटाला?

‘इंजेक्शन कोणत्या बोटाला दिले, याचा उल्लेख नोंदीत आढळला नाही. कृपया कळवावे. – ए. टी.’

एवढं पाठवून आर्डिसने कॉफी ओतून घेतली. उत्तर येणार हे नक्की होतं. दहा मिनिटांत की बारा, एवढाच प्रश्न. नवव्या मिनिटाला आलं.

‘उजवी अनामिका. विसरलो, माफ करा. – हॉगन.’

आर्डिस टोलफसन मायनॉटच्या आपल्या घरात बसून दोन तासांवरच्या बिस्मार्क शहरातल्या एका दवाखान्यातल्या नोंदी वाचायची आणि प्रत्येक उपचाराला त्याचा ठरलेला कोड लावायची. कोडशिवाय विमावाले कागदाला हात लावत नाहीत. तिच्या वाट्याला हाताची बोटं आली होती. बोट वाकवलं की अडकतं आणि टक् करून सुटतं, तेव्हा बोट ओढणाऱ्या दोरीच्या, म्हणजे कंडरेच्या, वेष्टनात औषध टोचतात. ऐकायला सोपं. पण वेष्टनात टोचलं तर कोड एक, कंडरा हाडाला चिकटते तिथे टोचलं तर दुसरा, आणि वर दहा बोटांच्या दहा खुणा. डॉक्टर वेंडेल हॉगन औषध लिहीत, मात्रा लिहीत, हात उजवा की डावा तेही लिहीत, आणि बोट विसरत. गेली नऊ वर्षं विसरत होते.

“मला एक सांग,” फार्गोहून व्हर्ना फोनवर म्हणाली. व्हर्ना तिच्यासारखीच घरून काम करायची. तिच्याकडे खांदे आणि कोपरं होती. “माझ्याकडे त्यांची एकही नोंद अपुरी येत नाही. सुई कुठून घातली, किती आत घातली, सगळं चोख. तुझ्या बोटांपाशी आले की कसा गं विसर पडतो डॉक्टरबाबांना?”

“खांदे दोनच असतात, व्हर्ना. बोटं दहा.”

“हाडांचे डॉक्टर आहेत ते. दहापर्यंत येत असेल मोजता.”

“तुझं आपलं काहीतरीच.”

“मग विचार ना एकदा सरळ. मुद्दाम विसरता का म्हणावं.”

तेच तर जमणारं नव्हतं. या धंद्यात डॉक्टरला प्रश्न विचारायचा तो असा, की त्यात उत्तराचा वाससुद्धा येता कामा नये. ‘अनामिकाच ना?’ असं विचारणं नियमात बसत नाही. सत्तावीस वर्षं हा नियम पाळून पाळून आर्डिसच्या तो हाडीमाशी खिळला होता. नवरा लाइल इस्पितळात शेवटचे दिवस मोजत होता, तेव्हाही ती त्याला “काही हवंय का?” एवढंच विचारायची. तो नाही म्हणायचा. रात्री इथेच थांबू का, हात धरून बसू का, हे तिने कधी विचारलं नाही. आपल्याला काय हवंय ते समोरच्याला कळेल, ही तिला धास्ती. लाइल पहाटे गेला तेव्हा ती घरी होती.

त्यानंतरच तिने घरून काम घेतलं आणि हॉगनच्या नोंदी तिच्याकडे येऊ लागल्या. घरात चिटपाखरू नाही. दिवसभरात तिने काही विचारावं आणि कुणी उत्तर द्यावं, असं जगात एकच ठिकाण उरलं होतं. एकदा, पहिल्या-दुसऱ्या वर्षी, उत्तर आलं होतं: ‘डावी करंगळी. आज दवाखान्यावरून हिमहंस गेले, अर्धा तास रांग संपत नव्हती.’ वरून लगेच तंबी आली की उत्तरं नोंदीपुरतीच असावीत, कारण ती कायम दप्तरात राहतात. पुढे हंस आले नाहीत. बोटं मात्र येत राहिली. आणि आर्डिसला, एकसष्टाव्या वर्षी, त्या बोटांची ओढ लागली. शनिवार-रविवार तिला नकोसे वाटत. स्वतःचं हसू यायचं तिला, पण ओढ काही कमी होत नव्हती.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला कळलं की महिनाअखेरीच्या शुक्रवारी डॉक्टर हॉगन निवृत्त होणार.

आर्डिसचा उजवा अंगठा वसंतापासून अडकत होता. तिने फोन करून आदल्या दिवशीची, गुरुवारची वेळ घेतली.

“दोन तास गाडी हाकत जाणार? मायनॉटातल्या सुया संपल्या का?” व्हर्ना म्हणाली.

“त्यांचा हात हलका आहे म्हणतात.”

“कोण म्हणतं?”

“नोंदींवरून कळतं.”

“हो का,” व्हर्ना म्हणाली.

आर्डिसने निळा स्वेटर घातला. वाटेत तिने एकच वाक्य घोकलं: ‘ए. टी. म्हणजे मी.’ चार शब्द. यात प्रश्न नव्हता, त्यामुळे नियमही मोडत नव्हता. मुद्दाम विसरत होतात का, हे तिला विचारायचं नव्हतंच. त्यांनी तिला एकदा ओळखावं, एवढंच हवं होतं.

डॉक्टर तिने कल्पिले होते त्याहून ठेंगणे निघाले. कानात यंत्र. आत येताच त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि आधी अंगठ्याशीच बोलले. “काय रे, कधीपासून अडतोयस?”

“मार्चपासून,” आर्डिस म्हणाली.

“आणि आता ऑक्टोबर संपला. सोशिक दिसता.” मग त्यांनी संगणकाच्या पडद्यावरचं नाव वाचलं. “टोलफसन. आर्डिस टोलफसन.” खालचा पत्ताही वाचला. “मायनॉटहून आलात?”

“हो.”

“काम काय करता?”

“टंकायचं. लोकांना प्रश्न विचारते, लिहून.”

बोलून गेली आणि तिने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी मान वर केली नाही. अंगठ्याच्या बुडाशी एक बारीक गाठ होती, तिच्यावर बोट ठेवून ते म्हणाले, “अवघड काम. उत्तरं मिळतात का?”

“मिळतात. लवकर मिळतात.”

सुई आत गेली. हात खरोखरच हलका होता. पट्टी लावून झाल्यावर त्यांनी हात लगेच सोडला नाही.

“काही विचारायचंय?” त्यांनी विचारलं.

चारही शब्द जिभेवर आले. पण ते बोलायचे म्हणजे आपल्याला काय हवंय ते सांगून टाकायचं, आणि मग या भल्या माणसाला हवं तेच उत्तर देणं भाग पडणार. असलं उत्तर तिला नको होतं.

“नाही,” ती म्हणाली.

ते दारापर्यंत गेले, दाराची मूठ धरून उभे राहिले आणि वळले. “नक्की? काहीच विचारायचं नाही?”

“नाही, डॉक्टर. थँक्यू.”

परतताना अर्ध्या वाटेत तिने गाडी कडेला घेतली आणि पोटभर रडली.

मंगळवारी सकाळी तिच्या यादीत सातवं नाव तिचं स्वतःचं होतं. आपली नोंद आपण उघडायची नसते. तिने ती तशीच व्हर्नाकडे सरकवली. तासाभराने फोन वाजला.

“झालं तुझं. बाजू, अंगठा, वेष्टन, सगळं लिहिलंय बाबांनी. नऊ वर्षांत पहिल्यांदा. मला विचारायला काही ठेवलंच नाही.” व्हर्नाचा आवाज नेहमीचा नव्हता. “आर्डिस, तू पेशंट आहेस. पेशंट म्हणून तुझी नोंद तुला बघता येते. बघ. मी काही बोलत नाही.”

आर्डिसने फोनवर पेशंटचं खातं उघडलं. खरंच, काही सुटलं नव्हतं. प्रत्येक नोंदीच्या तळाशी एक छापील ओळ असते: ‘रुग्णास शंका विचारण्याची संधी दिली.’ हजारदा तिने ती न वाचता सोडली असेल. इथे ती ओळ नव्हती. डॉक्टरांनी स्वतः लिहिलं होतं:

‘काही विचारायचे आहे का, असे रुग्णास दोनदा विचारले. दोन्ही वेळा नाही म्हणाल्या.’

तिने ती ओळ बराच वेळ वाचली. मग चष्मा पुसला आणि यादीतलं आठवं नाव उघडलं. नोंद हॉगनच्या जागी आलेल्या नव्या डॉक्टरची होती. डावा हात, तर्जनी, कंडरेचं वेष्टन, एक इंजेक्शन. सगळं जिथल्या तिथे होतं. आर्डिसने कोड लावला आणि नववं नाव उघडलं.