खालच्या फळीवरचे मासे

"मंदपणाचं जनुक सापडलंय," हे सरांनी ज्यांना ज्यांना सांगितलं होतं, त्यांची यादी केली असती तर तिच्यात लिफ्टवालाही निघाला असता. लॅबमध्ये माणसं तीनच. सर, त्यांचा पीएचडीचा विद्यार्थी आणि मासे मोजणारी ती. विद्यार्थ्याला सगळे होयबा म्हणत आणि तो त्यालाही हो म्हणे.

मासे म्हणजे बोटाच्या पेराएवढे, पट्ट्यापट्ट्यांचे. त्यांची अंडी काचेसारखी आरपार असतात, त्यामुळे आत पिल्लू कसं घडतं ते मायक्रोस्कोपखाली सगळं दिसतं. डोक्यापासून शेपटीपर्यंत पाठीवर एकामागून एक बारीक ठोकळे उमटत जातात. त्यांचेच पुढे मणके आणि स्नायू होतात. अंडं घातल्यापासून चोवीस तासांनी ठोकळे तीस असावे लागतात. ते मोजायचं तिचं काम. सरांनी काही अंड्यांमधलं एक जनुक मोडून ठेवलं होतं, आणि त्या पिल्लांचे ठोकळे भरत होते तेवीस. वाढीचा वेग सांभाळणारं जनुक आपण शोधलं, असा सरांचा दावा होता, आणि त्याचा टेंभा मिरवायला त्यांना जागा पुरत नव्हती.

ती बाळंतपणाच्या रजेवर असताना सहा महिने मोजणी होयबानं केली होती. पण अंड्यांची कुठली डिश कुठल्या गटाची, जनुक मोडलेल्या की निरोगी, हे होयबाला ठाऊक असायचं, आणि संस्थेचा नियम असा की मोजणाऱ्याला ते ठाऊक असता कामा नये. डिशवर फक्त नंबर हवा. मोजणीच्या तक्त्यावर अशा माणसाची सही नसेल तर शोधनिबंध छापायला पाठवता येत नाही. म्हणून सरांना ती हवी होती. एरवी सर तिच्या खुर्चीकडे फक्त स्वतःचा कोट टांगायला बघत.

तिची नोकरी कंत्राटी. या महिन्याच्या अखेरीला मुदत संपत होती. मुदतवाढीचं पत्र सरांच्या टेबलावर पेपरवेटखाली पडलेलं होतं, सही न होता.

रजेवरून आल्यावर तिनं तीन आठवडे इमानेइतबारे मोजलं. कुठला नंबर कुठल्या गटाचा ते उलगडलं की निकाल तोच, तीस आणि तेवीस. सर खूश. "बघा, यांना काही माहीत नसतानाही तेच येतंय," असं ते होयबाला सांगत, जणू ती तिथे नव्हतीच. होयबाची मान हलत राही.

पण तिला ती तेवीसवाली पिल्लं खटकायला लागली. बिघडलेलं पिल्लू कुठेतरी बिघडलेलं दिसतं. शेपूट वाकते, डोळा लहान राहतो, हृदयाची पिशवी फुगते. या पिल्लांचं सगळं बेतशीर होतं. डोळा, शेपूट, ठोकळे, सगळं सारख्याच प्रमाणात मागे. मंद काही नव्हती ती, नुसती वयानं लहान दिसत होती. असं बघायची तिच्या नजरेला घरीच सवय लागली होती. तिची लेक पाच आठवडे आधी जन्मली होती, आणि तेव्हापासून नणंदबाई दर रविवारी फोनवरून हजेरी घेत.

"बसते का गं आता?"

"अजून नाही, ताई."

"सात महिने झाले की. आमचा या वयात घरभर रांगत होता."

"ती पाच आठवडे आधी आलीय ना. ते वजा करून वय धरायचं, डॉक्टर म्हणाल्या."

"वजाबाकी तुझ्या लॅबमध्ये कर. वाढदिवस काय वजा करून करणार आहात?"

असं बोलणं झालं की ती लेकीला उताणी, पालथी, आधार देऊन, सगळ्या बाजूंनी बघायची. सासूबाई म्हणायच्या, "अगं, पोर आहे, परीक्षेचा पेपर नाही." ते पटायचं, आणि तरी ती बघायचीच.

सोमवारी तिनं होयबाला विचारलं, "डिश उबेच्या कपाटात कशा ठेवतोस?"

"ते तुम्हाला सांगायचं नाही. नियम आहे."

"कुठली कुठे ते नको सांगूस रे. मिसळून ठेवतोस ना? अर्ध्या वर, अर्ध्या खाली?"

"छे, मिसळल्या की गोंधळ होतो. सर म्हणाले, एक गट वरच्या फळीवर, दुसरा खालच्या. नीटनेटकं दिसतं."

रजेवर जाण्याआधी ती दोन्ही फळ्यांवर दोन्ही गट ठेवायची, आणि ते या दोघांना तिचं खूळ वाटायचं. कपाटाच्या दारावर आकडा झळकत होता, साडेअठ्ठावीस. पण तापमान मोजणारी कांडी वरच्या फळीला चिकटवलेली असते. तिनं खाली वाकून पाहिलं. दाराच्या रबराला तळाशी करंगळी जाईल एवढी फट होती. लेकीच्या आंघोळीचं पाणी बघायचा थर्मामीटर तिच्या पर्समध्ये होता. तिनं तो तासभर वर ठेवला, मग तासभर खाली. वर साडेअठ्ठावीस, खाली सव्वीस.

माशांची अंडी गारठ्यात हळू वाढतात, हे पहिल्या वर्षाच्या पोराला माहीत असतं. दोन पदव्या आणि तीन पारितोषिकं गळ्यात घालून फिरणाऱ्या माणसाला नसलं तरी.

"उद्याच्या डिश उलट्या फळ्यांवर ठेव," ती होयबाला म्हणाली. "आणि कागदावर लिहून ठेव."

"हो," होयबा म्हणाला. कशाला, हे त्यानं विचारलं नाही. त्याच्या त्या सवयीचा कुणाला तरी उपयोग होण्याची ती पहिलीच वेळ असावी.

बुधवारी सकाळी तिनं मोजलं, मग नंबर उलगडले. जनुक मोडलेल्या पिल्लांचे ठोकळे तीस भरले. निरोगी पिल्लांचे तेवीस.

सरांनी ऐकून घेतलं, म्हणजे ती बोलत असताना चहाचा कप फिरवत बसले.

"बाळंतपणानंतर असं होतं," ते म्हणाले. "माझ्या बायकोलाही सगळीकडे गार लागायचं."

"मला नाही लागलं, सर. थर्मामीटरला लागलं."

"एका दिवसाच्या आकड्यासाठी सहा महिन्यांचं काम पाण्यात घालायचं?"

"सहा महिने ते खालच्या फळीवरच होतं, सर."

सर हसले. लहान मुलानं मोठा शब्द वापरला की माणसं हसतात, तसं. मग एकदम त्यांचा आवाज मऊ झाला. "तुमची मुलगी जरा मागे आहे ना? होयबा सांगत होता. तिचं रक्त द्या. हे जनुक तपासून बघू. भाषणात एक घरचं उदाहरण असलं की लोक ऐकतात."

तिला वाटलं होतं, असं काही कुणी बोललं तर आपण रडू किंवा ओरडू. तसं काही झालं नाही. नाकाजवळ सांडपाण्याचा वास यावा आणि माणूस दोन पावलं बाजूला व्हावा, तसं तिचं मन सरांपासून बाजूला झालं. या माणसाचं म्हणणं खरं असेल का, असं घाबरत तिनं तीन आठवडे लेकीची बोटं मोजली होती, याचीच तिला लाज वाटली.

"ती मागे नाही, सर," ती म्हणाली. "तुमचं कॅलेंडर पुढे आहे."

सरांनी पेपरवेटखालचं पत्र काढून तिच्यासमोर ठेवलं, आणि त्याच्या शेजारी तीन आठवड्यांचा तक्ता. बुधवारची ओळ त्यात नव्हती. "तुम्ही इथे सही करा, मी तिथे करतो. आपण दोघंही समजूतदार आहोत."

तिनं तक्ता तेवढा उचलला. बुधवारचे आकडे लिहिले. खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं, वरची फळी साडेअठ्ठावीस, खालची सव्वीस, दाराचं रबर फाटलेलं, फळ्या बदलल्यावर निकाल उलटा. त्याखाली सही केली आणि जिना उतरून, संस्थेचे तक्ते जमा होतात त्या नोंदणीच्या खिडकीवर गेली. खिडकीतल्या कारकुनानं एक अक्षर न वाचता शिक्का मारला, दुय्यम प्रत तिच्या हातात दिली आणि पुन्हा शब्दकोडं सोडवायला घेतलं. त्या इमारतीत त्या दिवशी नीट काम करणारा तोच एक भेटला.

दहा मिनिटांत होयबा धापा टाकत खिडकीशी आला. "तो तक्ता परत हवाय. सर म्हणाले, त्यात चूक आहे."

"शिक्का बसला की परत नाही," कारकून म्हणाला. "चूक असेल तर सरांनी चूकदुरुस्तीचा अर्ज करायचा. कुठली चूक, ते लिहून. सही करून."

होयबा सवयीनं हो म्हणाला आणि मग तिथेच उभा राहिला. असा अर्ज सर लिहिणार नाहीत, एवढं त्यालाही कळत होतं.

निबंध गेला नाही. मुदतवाढीचं पत्रही आलं नाही. नवऱ्यानं विचारलं, "एक सही करून टाकली असतीस तर?" आणि मग आपणच, "बरं, बघू दुसरीकडे," म्हणून लेकीचे कपडे वाळत घालायला गेला.

महिनाअखेरपर्यंत तिनं मोजणी केली. कपाटाचं रबर एका मेकॅनिकनं अर्ध्या तासात बदललं. होयबा आता डिश दोन्ही फळ्यांवर मिसळून ठेवायला लागला होता. मान हलवण्याची दिशा बदलायची असेल तर ती आधी कुठल्या बाजूला वळवायची, याचा त्याचा अंदाज अजून बसत नव्हता.

शेवटच्या दिवशी तिनं शेवटची डिश मोजून नंबर उलगडले. जनुक मोडलेली तीस, निरोगी तीस. एक पिल्लू अंड्यातल्या अंड्यात गिरकी घेत होतं. सर मागे येऊन उभे राहिले, बऱ्याच दिवसांनी. तिनं उठून जागा दिली. त्यांनी भिंगाला डोळा लावला आणि लगेच काढला.

"सगळी सारखीच आहेत. यात काय विशेष?"

"काही नाही, सर," ती पर्स उचलत म्हणाली. "नुसती धडधाकट आहेत."