डोंगर गेला, कपडे आत घ्या

आमच्या सासूबाईंनी हवामानाच्या बातम्या कधी ऐकल्या नाहीत. त्यांच्या खाटेसमोर खिडकी होती, खिडकीत डोंगर होता, आणि काय ते सगळं डोंगर सांगायचा. माथा स्वच्छ दिसला की त्या जाडजूड चादरीसुद्धा धुवायला काढायच्या. त्याच्या डाव्या खांद्यावर ढग टेकला की हातातलं काम टाकून गॅलरीकडे धावायच्या आणि सगळ्या घराला ऐकू जाईल अशी आरोळी ठोकायच्या, "डोंगर गेला! कपडे आत घ्या!" मी पडलो घरजावई. खाली माझं शिवणकामाचं दुकान. आरोळी आली की गिऱ्हाईकाच्या छातीभोवतीची टेप तशीच सोडून मी जिना चढायचो. शेवटचा टॉवेल आत येतोय न येतोय तोच पाऊस यायचा. त्या एकदाही चुकल्या नाहीत, याचा मला मनातून फार राग यायचा.

मग समोर इमारत उभी राहिली. डोंगर आधी कमरेपर्यंत गेला, मग गळ्यापर्यंत, मग पुरताच दिसेनासा झाला. त्यातच सासूबाई न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. हाड जुळलं. डॉक्टर म्हणाले, "आजी, आता चालायला लागा. आत्ता उठला नाहीत, तर पुढे मनात आलं तरी उठता येणार नाही."

सासूबाईंनी खाटेलगतच्या भिंतीकडे तोंड फिरवलं. "उठून बघायचं काय? लोकांच्या मोऱ्यांचे पाइप?"

माझी बायको डोंगरदऱ्यांचे फोटो काढते. तिचे फोटो कॅलेंडरांवर आणि हॉटेलांच्या भिंतींवर असतात. तिने हे फारच मनाला लावून घेतलं. आईच्या समोरच्या भिंतीवर डोंगर आणून लावायचा, तोही खिडकीएवढा, असं तिने ठरवलं. जागाही तिनेच शोधली. ज्या इमारतीने डोंगर गिळला, तिचीच गच्ची! वॉचमनला गळ घातली, किल्ली मिळवली. कॅमेऱ्याची तिपाई वाहायला हक्काचा हमाल घरात होताच.

पहिला फोटो पहाटेचा. डोंगर गुलाबी, आभाळ केशरी. मला तर बुवा आवडला. सासूबाईंनी मान वळवली.

"हा कोण?"

"आई, आपला डोंगर!"

"असं होय? एवढा नटूनथटून कुठे निघालाय?" आणि मान पुन्हा खाटेलगतच्या भिंतीकडे.

दुसरा फोटो संध्याकाळचा. हवा इतकी स्वच्छ, की डोंगराची घडी न् घडी मोजता यावी. या वेळी सासूबाई बराच वेळ बघत राहिल्या. बायको पदराशी चाळा करत उभी होती.

"चांगलाय," त्या म्हणाल्या. "पण मुका आहे गं."

त्याच आठवड्यात डॉक्टर आले. त्यांनी सासूबाईंची पोटरी दाबून पाहिली. ती काठीसारखी बारीक झाली होती. मग ते बॅग उचलून जिना उतरले. बायको स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून रडली. मी तिला पाणी दिलं. दुसरं काय देणार?

"याहून चांगला उजेड मिळायला हवा," डोळे पुसत ती म्हणाली.

म्हणून आम्ही तिसऱ्यांदा गच्चीवर गेलो. दुपार कलली होती. पाण्याच्या टाक्यांमधून वारा शीळ घालत होता. तिपाई लावून होते न होते तोच डोंगराच्या डाव्या खांद्यावर ढग टेकला.

"गेला उजेड," बायको म्हणाली. "चला, आवरा."

तिचा हा नियम पक्का. उजेड बिघडला की झाकण लावायचं आणि घरी जायचं. मी मुकाट्याने पिशवीचा पट्टा खांद्यावर घेतला आणि सवयीने पुटपुटलो, "डोंगर गेला..."

आणि पिशवी परत खाली ठेवली.

"अगं," मी म्हणालो, "आई डोंगर बघून धावायच्या कधी? तो जायला लागला की! आणि तू आपली दर वेळी तो ठणठणीत असताना काढतेस."

बायको माझ्याकडे बघत राहिली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण अशी ती फक्त आभाळाकडे बघते. मग तिने झाकण काढलं. कॅमेऱ्यासाठी मी रेनकोटाच्या कापडाची, हात घालायला दोन बाह्या असलेली झूल शिवली होती. ती तिने चढवली आणि म्हणाली, "पाय धरून ठेवा."

"तुझे?"

"तिपाईचे हो!"

मी गुडघ्यांवर बसलो आणि तिपाई कवटाळली. खरं सांगतो, मला डोंगराचं वेड कधीच नव्हतं. माझ्या लेखी तो दगडमातीचा ढीग. पण त्या दुपारी जे पाहिलं, ते वेगळंच होतं. आधी सगळा मुलूख काळवंडला. मग ढगाखालच्या फटीतून ऊन घुसलं आणि फक्त डोंगराचा उजवा उतार पेटल्यासारखा लाल झाला. डावीकडून पाऊस सरकत आला. सरी नव्हेतच, आभाळापासून जमिनीपर्यंत सोडलेली राखाडी मलमल. त्यातून डोंगराच्या कडा क्षणभर निळ्या दिसल्या, मग एकेक करून विरल्या. ढगांच्या सावल्या गच्च्यांवरून आमच्याकडे पळत येत होत्या. इतकं प्रचंड काहीतरी चाललं होतं, आणि तिकडून आवाज कसलाच येत नव्हता. मला भीती वाटली. आपण केवढेसे, असं वाटलं. आणि तरीही तिथून हलावंसं वाटेना. बायको ओठ घट्ट मिटून फोटो काढत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. पाऊस अजून आमच्यापर्यंत आलाच नव्हता.

खालून वॉचमन ओरडला, "अहो, वीज पडेल, उतरा!" तोवर आम्ही चिंब झालो होतो.

तिसरा फोटो आम्ही सासूबाई दुपारच्या झोपेत असताना लावला. अर्धा डोंगर लाल, अर्धा पुसलेला. बाहेर रखरखीत ऊन होतं आणि गॅलरीत नुकतेच पिळून टाकलेले कपडे ठिबकत होते. आम्ही दोघं दाराआड उभे राहिलो.

सासूबाईंनी कूस बदलली. डोळे उघडले. समोरच्या भिंतीकडे पाहिलं.

"अगं बाई, डोंगर गेला!"

आणि पाय खाली सोडले. बायको पुढे झेपावली. मी तिचा दंड धरला. सासूबाई खाटेच्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. थरथरल्या. एक पाऊल टाकलं, मग दुसरं, आणि गॅलरीचं दार गाठून थांबल्या. बाहेर ऊन. त्यांनी वळून भिंतीकडे पाहिलं, मग आमच्याकडे, मग स्वतःच्या पायांकडे.

"बघत काय उभे राहिलात जावईबापू?" त्या कडाडल्या. "कपडे आत घ्या म्हटलं ना!"

मी धावलो. एकही कपडा वाळला नव्हता. मी सगळे आत आणले.