दोघांच्या हातातला श्वास

मी यवतमाळच्या एका सरकारी दवाखान्यातली, हाताने दाबायची श्वासाची पिशवी आहे. ज्याची छाती स्वतःहून हलत नाही, त्याच्या घशातल्या नळीला मला जोडतात. कुणीतरी दाबत राहतं, तोवर तो जगतो. मी कशासाठी घडले, ते माझ्या खोक्यावरच छापलेलं होतं. माणसांना तेवढी सोय नसते, हे मला वॉर्डात आल्यावर कळलं.

त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती. अळीवर फवारणी करणारे मजूर विषबाधा होऊन एकामागून एक खाटांवर येत होते. मशिनी पुरेनात, म्हणून मला नातेवाइकांच्या हातात दिलं.

फुलसावंगीकडच्या तांड्यावरचा धनसिंग असाच आला. सोबत मोठा भाऊ पूनमसिंग, येशूची प्रार्थना करणारा; आणि नागोराव, विज्ञान शिकवून निवृत्त झालेले गुरुजी. देव न मानणारे. धनसिंगने फवारणी केली होती, ती या गुरुजींच्याच शेतात. दोघे आळीपाळीने मला दाबत.

"देवानं मानूस आपल्या रूपात घडवला, गुर्जी," पूनमसिंग म्हणाला. "प्रत्येकाले काही कामासाठी धाडलं. याचं काम अजून सरलं नसन."

"आपल्याले कोनी धाडलं नाई, पूनम. आपनच एकमेकाले सांभाळाचं, एवढंच काम."

"मंग सांभाळलं काहून नाई?"

त्याचा आवाज चढला नव्हता. नागोरावांची बोटं माझ्यावर अडखळली, मग पुन्हा चालू लागली.

"वाऱ्यानं फवारा त्याच्या तोंडावर येत होता," ते म्हणाले. "म्या शेताच्या कडेले, धुऱ्यावरून पाहत होतो. थांब म्हटलं नाई."

पूनमसिंगने डोळे पुसले. "मानसाचा स्वभावच पापी हाय. माहाही. म्हनून तर येशूनं जीव देल्ला. म्या तुमाले माफ केलं."

"पाप म्हनू नको. पाप म्हटलं का ते सगळ्यायचं होते. हे माह्यं एकट्याचं हाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी धनसिंगचे डोळे तपासले आणि दाबणं थांबवायला सांगितलं. पूनमसिंगने मला सोडलं, भावाच्या कपाळावर हात ठेवला आणि पुटपुटत प्रार्थना केली. नागोराव मात्र मला उचलून दाबायला लागले.

"सोडा, गुर्जी. तो गेला."

"तुह्यासाठी तो कुठीतरी गेला," ते दाबतच म्हणाले. "माह्यासाठी तो आता कुठीच नाई."

शेवटी सिस्टरने त्यांची बोटं एकेक करून सोडवली.

त्यानंतर नागोराव रोज येऊ लागले. अनोळखी मजुरांसाठी मला दाबत बसत. कुणी वाचे, बरेच वाचत नसत. भावाचे कागद न्यायला आलेल्या पूनमसिंगने त्यांना एका मजुरासाठी मला दाबताना पाहिलं. तो नळावर हात धुऊन आला.

"सरका, गुर्जी. तुमी बसा जराक."

तो मजूरही संध्याकाळी गेला.

आता माझं रबर चिरलंय. दाबलं की हवा बाजूनेच निसटते, म्हणून मला टाकाऊ सामानाच्या पेटीत टाकलंय. त्या दोघांपैकी खरं कुणाचं, मला सांगता येणार नाही. एवढंच मागते: तुम्ही धुऱ्यावर उभे असाल, तर हाक मारा आणि पाठीवरचा पंप खाली ठेवायला सांगा. तेव्हा तो माणूस तुमचं ऐकू शकतो. माझ्यापर्यंत येतो, तेव्हा त्याला काहीच ऐकू जात नाही.